दत्तोबांचं चाकावरचं बिऱ्हाड

मानवजातीने आजवर दोनच खरे शोध लावले: घर आणि चाक. बाकीचं सगळं म्हणजे या दोहोंची डागडुजी. घराने माणसाला बसवलं, चाकाने उठवलं, आणि या दोघांचं हजारो वर्षं एकमेकांशी पटलं नाही. त्यांची सोयरीक जुळवायचा मान अखेर मावळ तालुक्याकडे आला. बेगडेवाडी स्टेशनच्या मागे, दत्तोबांच्या अंगणात, घराला चाकं लागली.

त्या ऐतिहासिक सकाळी मागच्या दोन चाकांत हवा नव्हती, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"हात लावू नगा तिला," झुंबरबाई गोठ्यातून म्हणाल्या. दत्तोबांनी अजून हात लावलाच नव्हता. पण लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकोला भिंतीपलीकडचंही दिसू लागतं.

"अगं, पर मला बसायचंय तितं."

"तिला बी बसायचंय. आन् ती आदी बसलीया."

दत्तोबा गाडीच्या पायरीवर टेकले आणि तंबाखू मळू लागले.

दत्तोबांनी उमेदीची सारी वर्षं चाकणच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवण्यात घालवली. वडगाव, तळेगाव, चाकण; चाकण, तळेगाव, वडगाव. त्यांच्या प्रवासाची कुणी बेरीज केली असती तर पृथ्वीला बऱ्याच प्रदक्षिणा भरल्या असत्या. फक्त त्या सगळ्या तळेगावातून गेल्या असत्या. त्यांना कधी बढती मिळाली नाही, कारण ड्रायव्हरच्या वर बसायला जागाच नसते. त्यांचा फोटो काढून कुणी कौतुक केलं नाही. पण एक गोष्ट होती, आणि ती तिन्ही शिफ्टना ठाऊक होती: दत्तूभाऊंच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. माणसं त्या गाडीत उभ्याने आमटी-भात खायची. क्वालिटी खात्यातल्या एक बाई आठव्या महिन्यापर्यंत त्याच गाडीने आल्या आणि बाळंतपणानंतर पेढे घेऊन आधी दत्तोबांकडे आल्या, मग साहेबांकडे गेल्या. इतर बसवाले सकाळी बादली घेऊन खिडक्यांखाली धूत असायचे, तेव्हा दत्तोबा कोरडे उभे असायचे. त्यांच्या गाडीत कुणाला कधी उलटी झाली नाही. हे त्यांनी घरी झुंबरबाईंना सांगितलं होतं. बऱ्याचदा सांगितलं होतं.

त्या गाडीत सगळं मावळ बसलं. एकट्या झुंबरबाई बसल्या नव्हत्या. कंपनीचा नियम कडक होता. पास नाही तर पायरीवर पाय नाही. एकदा तर भर उन्हात त्या वडगाव फाट्यावर डोक्यावर बोचकं घेऊन उभ्या होत्या, आणि दत्तोबा अर्धी रिकामी बस घेऊन समोरून गेले. नियम म्हणजे नियम. त्यांनी फक्त दोनदा हॉर्न दिला. त्या हॉर्नची त्यांना पुढे इतकी लाज वाटत राहिली की फाटा आला की ते आजही खिडकीची काच वर करतात.

दत्तोबा निवृत्त झाले त्याच सुमाराला ती गाडीही निवृत्त झाली, आणि त्यांच्या निलेशने ती भंगारात जाण्याआधी उचलली. निलेश खंडाळ्याच्या एका बंगल्यावर मॅनेजर होता. बंगले असलेली माणसं आता बंगल्यांना कंटाळली असून त्यांना मोटारीत झोपायचं आहे, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. आपल्या वडिलांनी दोन शिफ्टच्या मधे हेच केलं आणि त्याबद्दल सुपरवायझरची बोलणी खाल्ली, याचं त्याला वाईट वाटलं. मग त्याने गाडीतल्या सीटा काढल्या, दोन पलंग टाकले, घडीचं टेबल लावलं, शेगडी, सिंक आणि फुलाफुलांचे पडदे बसवले, आरटीओचे कागद केले. कोपऱ्यात एक छोटा संडासही होता. जेवायच्या जागेपासून तो एका हातावर आहे हे बघून झुंबरबाईंनी त्यात कांदे भरले.

"आबा," निलेश म्हणाला, "गिऱ्हाईक घेयाच्या आदी टेस्टिंग पायजे. तुमी आन् आई पयली ट्रिप मारा. निवांत जायचं. शीनशिनरी बगत, जागोजागी थांबत. कुटं कुटं थांबायचं त्ये तुमीच ठरवा. तुमाला सगळं मावळ पाठ हाय."

मावळ पाठ होतं. पण वेगळ्या बाजूने. दत्तोबांनी आयुष्यभर रस्ता बघितला होता. डोंगर म्हणजे त्यांच्या लेखी वळण यायचं कारण, आणि धरण म्हणजे धुकं पडायचं. सृष्टीसौंदर्य हा त्यांनी बहुतेक वेळा ओव्हरटेक केलेला विषय होता. तरी त्यांनी काम मनावर घेतलं. वेगळ्याच कारणासाठी घेतलं. झुंबरबाईंनी एकदा आपल्या शेजारच्या सीटवर बसावं, आणि घाट उतरल्यावर एवढंच म्हणावं की लोक म्हणत होते ते खरं हाय. मग गाडी भंगारात गेली तरी चालणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात चुन्याने नकाशा काढला. उंबऱ्यापाशी बेगडेवाडी, तुळशीपाशी कामशेत. पवना धरण म्हणून पाण्याचं घमेलं ठेवलं, दुधिवरे खिंडीच्या जागी दोन विटा. लोणावळा-खंडाळ्याला धुण्याचा दगड आला. घाट उतरून पलीकडे कोकणातला समुद्र यायचा होता. तिथे उकिरडा होता, पण जागा बदलणं शक्य नव्हतं. 

शेजारचे हौशीराम, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"दत्तोबा, हितं बेडशाच्या लेण्यांवर म्हैस उबी हाय."

"ती मुतली की मंग लेणी परत काढतो."

"आन् किती दिसाचं बिऱ्हाड म्हनायचं हे?"

"निवांत ओ. धा मैल जायचं, थांबायचं. खुर्ची टाकायची. च्या प्यायचा. बगायचं."

"काय बगायचं?"

दत्तोबा जरा अडखळले. "समोर आसंल त्ये."

"त्ये मी रोज वट्यावर बसून बगतो," हौशीराम म्हणाले. "त्याला डिझेल लागत न्हाई."

झुंबरबाई शेण घेऊन आल्या, लोणावळा ओलांडून उकिरड्याकडे गेल्या, पाटी समुद्रात रिकामी केली आणि परत येताना म्हणाल्या, "मी न्हाई येनार. रंगीची धार कोन काढंल?"

रंगी म्हणजे ती लेण्यांवरची म्हैस. ती झुंबरबाईंशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. ही अडचण खरी होती, आणि दत्तोबांनी ती खऱ्या अडचणीसारखीच सोडवायला घेतली. मावळात यावर एक जुना तोडगा आहे: धार काढणाऱ्या बाईचं लुगडं नेसून बसायचं. म्हैस वास ओळखते, आतला माणूस तपासत नाही.

पहिला मान सुनेला मिळाला. कोमल तळेगावची, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. "आबा, मी सुई टोचून काढते, ओढून नाही," असं तिने आधीच सांगून पाहिलं. तरी सासूचं लुगडं नेसून ती बसली. तेवढ्यात लुगड्यात खोचलेला मोबाईल वाजला. रंगीने पाय झाडला, बादली तुळशीपर्यंत गेली, आणि नकाशातल्या कामशेतला पूर आला.

मग निलेशची पाळी. त्याला झुंबरबाईंचं नऊवारी नेसवलं. हातांत काचेच्या बांगड्या चढेनात म्हणून साबण लावून चढवल्या, कारण बांगड्यांच्या आवाजाशिवाय रंगीची खात्री पटत नसे. 

"पदर घे डोक्यावर," झुंबरबाई म्हणाल्या. "आन् 'आव, आव' म्हन. बारीक आवाजात. बंगल्यावर बोलतूस तसं नगं."

"आई, मी मॅनेजर हाय गं."

"तिला काय त्याचं?"

तीन सकाळी रंगीने त्याला दाद दिली नाही. चौथ्या सकाळी, का कोण जाणे, तिने मान वळवून निलेशकडे बघितलं, एक उसासा सोडला आणि पान्हा घातला. बादलीत धार वाजू लागली तसे दत्तोबा गोठ्याच्या दारात टाळ्या वाजवायच्या बेतात होते. नेमका त्याच वेळी बंगल्याच्या मालकाचा मुंबईहून व्हिडिओ कॉल आला. हात गुंतलेले असल्यामुळे निलेशने तो नाकाने उचलला. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून त्याने पुढच्या आठवड्याची चार बुकिंग पक्की केली. मालक सुसंस्कृत होते. त्यांनी काहीही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बंगल्यावरच्या सगळ्यांना 'कामाच्या ठिकाणी प्रत्येकाच्या आवडीनिवडीचा आदर राखावा' असा मेसेज आला.

म्हैस सुटली. त्याच आठवड्यात कोंबडीची पिल्लंही निघाली आणि ती बिऱ्हाड घेऊन ड्रायव्हरच्या सीटवरून उतरली. दत्तोबांनी हवा भरली, ऑइल बदललं, काचा पुसल्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ एक खडा शोधला. मग म्हणाल्या, "झोपल्यावर पाय कुनीकडं येत्याल?"

"म्हंजी?"

"घरात आपन बेतानं अंथरून घालतो. एकविरेकडं पाय करत न्हाई. तुमची गाडी तर आज हितं, उद्या तितं. रातच्याला देवीकडं पाय झालं मंग?"

या प्रश्नाने दत्तोबा खरोखर हादरले. घराला चाकं लावताना निलेशने वायरिंगचा विचार केला होता, पाण्याचा केला होता. देवीचा कुणीच केला नव्हता. घर एका जागी असतं तेव्हा देवी एका दिशेला असते. घर फिरू लागलं की कार्ल्याचा डोंगर कधी उजवीकडे येणार, कधी डावीकडे, कधी थेट पायांसमोर. शिवाय दक्षिण यमाची. ती सगळीकडे दक्षिणच राहणार.

ते परत अंगणात उतरले. चुन्याच्या नकाशात कार्ल्याच्या जागी त्यांनी हळदीची वाटी ठेवली, आणि प्रत्येक मुक्कामाला गाडीचं तोंड कुठे करायचं याचा हिशेब मांडला. आधी लाकडाच्या ढलपीने, मग खुद्द गाडीने. ती अवजड गाडी सबंध सकाळ अंगणात पुढे-मागे होत होती, आतल्या पलंगावर दत्तोबा आडवे होऊन पाय बघत होते, उठत होते, पुन्हा स्टीअरिंग फिरवत होते. हौशीरामांनी ओट्यावर चहा मागवला. ते म्हणाले, गँगमनच्या नोकरीत इतकी शंटिंग त्यांनी बघितली नव्हती.

देवीचा प्रश्न सुटला. सृष्टीसौंदर्याला मात्र थोडी झळ बसली. पवना धरणावर देवी आणि यम दोघांनाही सांभाळून गाडी लावली की पलंगावरून पाणी दिसत नव्हतं. एका रिसॉर्टच्या मागची पाण्याची टाकी दिसत होती.

"टाकीत बी पानीच आसतं," दत्तोबा म्हणाले, आणि विषय संपला.

झुंबरबाईंनी आणखी दोन-तीन गोष्टी पुढे केल्या: भाताची झोडणी, भाचीचं डोहाळजेवण, गुडघा. झोडणी झाली. भाचीकडे त्या लोकलने जाऊन आल्या. गुडघ्यासाठी दत्तोबांनी निलेशकडून पायरीखाली आणखी एक पायरी बसवून घेतली. त्या पायरीकडे झुंबरबाई जेवताना दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं लुगडं काढलं.

"कवा निगायचं?" त्या म्हणाल्या.

मार्गशीर्ष लागला होता. भातं निघून खाचरं मोकळी झाली होती, डोंगरांवरचं गवत पिकून सोनेरी पडलं होतं. दत्तोबांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. निलेश अजून बांगड्यांतच होता, कारण त्या उतरत नव्हत्या. कोमलने डबे चढवले, आणि जाता जाता झुंबरबाईंच्या हातात कागदाची छोटी पुडी दिली. दोघींमध्ये काहीतरी कुजबूज झाली. दत्तोबांचं लक्ष आरशाकडे होतं.

झुंबरबाई शेजारच्या सीटवर बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, मूठ घट्ट. फोटो काढायला बसल्यासारख्या.

दत्तोबांनी गाडी अशी काही काढली की पायरीवर बसलेली कोंबडी पडली नाही, नुसती चालत उतरली. जुन्या हायवेवर ते गिअर बदलत होते की लोण्यात सुरी फिरवत होते हे सांगणं कठीण होतं. खड्डा येण्याआधीच ते त्याची समजूत घालत होते. कामशेतपर्यंत दत्तोबांनी दोनदा तिरक्या नजरेने शेजारी पाहिलं. झुंबरबाईंचे डोळे मिटलेले होते. दत्तोबांना बरं वाटलं. फर्स्ट शिफ्टही अशीच झोपायची.

कामशेत सोडून पवनेच्या रस्त्याला लागले आणि पहिलं वळण आलं.

"थांबवा वो जरा," झुंबरबाई म्हणाल्या.

"हितं? हितं काय न्हाई. शीन फुडं हाय, बेडशाला."

"मला हितंच बगायचंय."

रस्त्याकडेला खडीचा ढीग होता. झुंबरबाई उतरल्या, भरभर चालत ढिगामागे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पदर तोंडाला. दत्तोबा सीटवरून बघत होते. बाईमाणूस आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघालेलं. मन भरून येणारच. त्यांनी मुद्दाम हाक मारली नाही.

पुढे एका वळणावर सिमेंटचे विजेचे खांब रचून ठेवले होते. "थांबवा." त्यानंतर एक बंद पडलेली पोल्ट्री होती. "थांबवा, थांबवा." प्रत्येक ठिकाणी झुंबरबाई लगबगीने उतरल्या, दत्तोबांकडे पाठ करून दूरवर बघत राहिल्या, आणि डोळे पुसत परत आल्या. मग दत्तोबाही खाली उतरून त्या खांबांकडे बघू लागले. नीट बघितलं तर वाईट दिसत नव्हते. एका ओळीत होते.

मात्र बेडशाचा फाटा आला, वर लेण्यांचा डोंगर उन्हात उभा होता, दत्तोबांनी खास ठरवलेला थांबा होता, आणि तिथे झुंबरबाई म्हणाल्या, "चला, चला. सपाट रस्ता हाय तवर हाना."

बायकांच्या आवडीनिवडीचं कोडं उलगडायचा नाद दत्तोबांनी कधीच सोडला होता. त्यांनी खालच्या आवाजात निलेशला फोन लावला. "तुज्या आयला लय आवडलंय. पावलापावलाला थांबवतीया. रडती बी जरा जरा."

"कुटं कुटं थांबला, आबा?"

दत्तोबांनी सांगितलं. निलेश धंद्याचा माणूस होता. संध्याकाळच्या आत त्याच्या जाहिरातीत 'कामशेत खडी पॉइंट' आणि 'शांत पोल्ट्री, फोटोसाठी उत्तम' यांची भर पडली.

पवनानगर मागे पडलं. धरणाच्या काठाकाठाने रस्ता चढू लागला, आणि दुधिवरे खिंडीची वळणं सुरू झाली. त्या वळणांवर दत्तोबांनी आपला सगळा जन्म पणाला लावला. स्टीअरिंग त्यांनी धरलं नाही, नुसतं जवळ घेतलं. खिंडीच्या माथ्यावर मोकळी जागा बघून त्यांनी गाडी लावली, खुर्च्या काढल्या, टेबल उघडलं. खाली पवनेचं पाणी पसरलेलं होतं, पलीकडे तिकोना, तुंगचे गड. इतकं की दत्तोबांनाही दिसलं.

झुंबरबाई खुर्चीत बसल्या. चेहरा ओल्या पिठासारखा. दत्तोबांनी शेगडी पेटवून स्वतः चहा केला, त्यात आलं घातलं, साखर जास्त घातली, आणि त्यांच्या हातात कप देऊन शेजारी बसले. आता विचारायची वेळ आली होती.

"एक इचारू का?"

"इचारा."

"कशी चालवतो मी?"

झुंबरबाईंनी चहाकडे बघितलं, प्याल्या नाहीत. "चांगलीच चालवत आसाल."

"आसाल म्हंजी?"

"मला काय कळतंय? माजं डोळं मिटल्यालं व्हतं."

"झोप लागली. लागतीच. माज्या गाडीत..."

"झोप न्हाई वो." झुंबरबाईंनी कप खाली ठेवला. "मला गाडी लागती."

दत्तोबांना मराठी येत होतं. पण हे वाक्य त्यांच्या घरातलं नव्हतं. "कुटं लागती?"

"पोटात. उलटी हुती. त्या खडीच्या ढिगामागं झाली, खांबांपाशी झाली, पोल्ट्रीपाशी झाली. कोमलनं गोळी दिल्याली, ती बी खडीतच पडली."

दत्तोबा खाली पाण्यावरच्या बोटीकडे बघत म्हणाले, "कवापासनं?"

"लग्नाच्या वरातीपासनं. ट्रकात झाली. मुंडावळ्यांनी कुनाला दिसलं न्हाई."

"आन् म्हायेराला?"

"मळवलीला लोकल जाती. रेल्वे न्हाई लागत मला."

"मला कधी बोलली न्हाईस."

"कसं बोलू?" झुंबरबाई म्हणाल्या. "तुमी घरला यायचा आन् सांगायचा, आज सगळ्यांनी उब्यानं आमटी खाल्ली. मंग ती आठव्या म्हैन्याची बाई. त्या बाईला काय न्हाई झालं, आन् दत्तूभाऊच्या बायकूला उलटी? लोक हसली आसती तुमाला."

दत्तोबांनी तंबाखूची पुडी काढली आणि परत खिशात ठेवली. मनात वागवलेलं एक बोचकं त्यांना आता कुठेतरी उतरवून ठेवावंसं वाटलं. "त्या दिशी वडगाव फाट्यावर... तू उनात उबी व्हतीस, मी थांबलो न्हाई. त्ये नियमामुळं..."

"म्हाईत हाय. मी रस्ता वलांडायला उबी, तर तुमची बस लांबनं दिसली आन् माजा जीव खाली-वर झाला. म्हनलं, थांबत्यात का काय हे! तुमी हॉर्न वाजवून गेलात फुडं." झुंबरबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा रंग आला. "त्याच मंगळवारी मी देवीला नारळ फोडला."

इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी दत्तोबा काच वर करत होते, तिच्यासाठी घरात नारळ फुटला होता. आणि बहुतेक त्या खोबऱ्याची वडी त्यांनीच खाल्ली होती. त्यांना हसावं की काय करावं कळेना. मग तीसेक वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर आत जागा झाला.

"हितला रस्ताच बाद हाय," ते म्हणाले. "डांबर बग कसं टाकलंय. आन् क्लच जरा... न्हाईतर माज्या हाताखाली..."

"तुमच्या हाताला दोस न्हाई वो. मला उबी गाडी बी लागती. इंजिनाचा वास आला तरी बास."

हे ऐकून दत्तोबांचा जीव थोडा भांड्यात पडला, पण अर्धाच. "मंग आलीस कशाला?"

झुंबरबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "म्हशीपायी पोराला लुगडं नेसवलंत. देवीकडं पाय नगत म्हनून सकाळभर अंगनात गाडी फिरवलीत. गुडघ्याला पायरी केलीत. मानसानं न्हाई तरी किती म्हनायचं?"

वाऱ्याने टेबलावरचं कागदी ताट उडालं. दोघांपैकी कुणीही ते आणायला उठलं नाही.

"परत फिरू," दत्तोबा शेवटी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. गाडी निलेशच्या गिऱ्हाइकांना देऊ."

"परत फिरलं म्हंजी काय? परत जाताना बी तीच वळनं हायती की."

हे खरं होतं. भूगोल दत्तोबांच्या बाजूने नव्हता. पण तो झुंबरबाईंच्याही बाजूने नव्हता, आणि दोघांचं एकाच गोष्टीशी एकदम वाकडं आहे असं त्यांच्या संसारात फार क्वचित झालं होतं. दत्तोबा उठले. त्यांनी खुर्च्या घडी करून आत टाकल्या, चहा रस्त्यावर ओतला, झुंबरबाईंना हात देऊन वर चढवलं आणि आपल्या सीटवर येऊन बसले. काहीतरी मोठं सुचल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी चावी फिरवली. इंजिन धडधडू लागलं.

"हे बग," ते स्टीअरिंगवर थाप मारून म्हणाले, "आता आपन बैलगाडीच्या चालीनं जायाचं. मागनं कोन हॉर्न मारतंय, मारू दे. आजपातूर मी लोकांना टायमात पोचवलं, आता मला कुनाच्या टायमाशी देनंघेनं न्हाई. तू म्हनशील तितं थांबायचं. खडी आसू दे, खांब आसू दे, उकिरडा आसू दे. आज लोणावळा, उद्या खंडाळा, मंग घाट उतरायचा, एकेक वळान मोजत. म्हैना लागला तरी लागू दे. पर तुला समुद्र दाखवल्याबिगर हा दत्तोबा गाडीचं तोंड घराकडं करनार न्हाई! काय?"

झुंबरबाईंनी डोळे मिटले होते. गाडी अजून जागची हलली नव्हती.

"सगळं करू," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "पर आदी एकांदी पिशवी द्या. आन् तुमी जरा तिकडं डोंगराकडं बगा."